कंपवाताचं स्केल जपानी रुग्णांसाठी तयार करताना: नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

जपानीची एन-टू किंवा एन-वन परीक्षा झाली, की पुण्यातल्या मुलामुलींना आयटी आणि वाहन उद्योग हे दोनच दरवाजे दिसतात. तिसरा एक दरवाजा आहे, अरुंद असला तरी: वैद्यकीय संशोधनात लागणाऱ्या प्रश्नावल्या आणि तपासणीची स्केलं जपानी रुग्णांसाठी तयार करण्याचं काम. फिजिओथेरपी किंवा क्लिनिकल ट्रायलच्या बाजूने येणाऱ्यांनाही हे काम कधी ना कधी गाठतंच. लेख या दोघांसाठी आहे. उदाहरण एकच घेतो: कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सच्या तपासणीसाठी जगभर वापरलं जाणारं एमडीएस-यूपीडीआरएस (यूपीडीआरएस म्हणजे युनिफाइड पार्किन्सन्स डिसीज रेटिंग स्केल).

कागदावर वाक्यं असली, तरी सगळ्याच्या शेवटी हातात येतो तो आकडा. शिकागोतल्या रुग्णाला मिळालेला २ आणि ओसाकातल्या रुग्णाला मिळालेला २ यांचा अर्थ एक नसेल, तर औषधाच्या चाचणीत दोघांना एका तक्त्यात बसवता येत नाही. भाषा सुंदर झाली की नाही हे कुणी विचारणार नाही. आकडा हलला की नाही, हे मात्र नक्की विचारतील.

आधी स्केल हातात घ्या

मूळ यूपीडीआरएस १९८७ मध्ये आलं. मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीने त्याची सुधारित आवृत्ती २००८ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणून नावापुढे एमडीएस लागलं. तिचे चार भाग आहेत. पहिल्यात हालचालींव्यतिरिक्तचे त्रास: स्मरण, भास, उदासी, झोप, वेदना, बद्धकोष्ठ वगैरे १३ बाबी. दुसऱ्यात रोजच्या जगण्यातल्या हालचालींच्या १३ बाबी: बोलणं, जेवणं, कपडे घालणं, अंथरुणात कूस बदलणं. तिसरा भाग म्हणजे डॉक्टरने करायची प्रत्यक्ष तपासणी. त्यात बाबी १८, पण डावी-उजवी बाजू आणि हात-पाय वेगळे मोजल्याने गुण ३३. चौथ्यात औषधांमुळे होणाऱ्या गुंतागुंतीच्या ६ बाबी. एकूण ६५ गुण, प्रत्येक ० ते ४.

या ६५ पैकी २० प्रश्न रुग्ण स्वतः कागदावर वाचून भरतो: पहिल्या भागातले ७ आणि दुसरा भाग पूर्ण. बाकीचं सगळं तपासणारा विचारतो किंवा बघतो. तुमच्या कामाची विभागणी इथूनच सुरू होते. डॉक्टरसाठी लिहिलेलं वाक्य थोडं रुक्ष असलं तरी चालतं, कारण वाचणारा प्रशिक्षित असतो. ते २० प्रश्न मात्र चष्मा पुसून, थरथरत्या हाताने कागद धरून एखादी ७८ वर्षांची बाई एकटीने वाचणार आहे.

शक्य असेल तर इंग्रजी स्केल एखाद्या धडधाकट नातेवाइकावर पूर्ण करून बघा. अर्धा तास लागेल. बसून वाचताना न दिसलेल्या अडचणी तेव्हा दिसतात.

दुसरं: काम आधीच झालंय का ते बघा

उत्साही माणूस ही पायरी हमखास गाळतो. एमडीएस-यूपीडीआरएसची अधिकृत जपानी आवृत्ती आहे; तिच्या पडताळणीचा शोधनिबंध २०१४ मध्ये आला. स्केलचे हक्क सोसायटीकडे आहेत, त्यामुळे परवानगीशिवाय स्वतःचा अनुवाद करून वापरणं हे बेकायदा आणि निरुपयोगी, दोन्ही. पीडीक्यू-३९ सारख्या जीवनमानाच्या प्रश्नावलीचंही तसंच. तिचे हक्क दुसऱ्या संस्थेकडे, अर्ज वेगळा.

मग नव्या माणसाला काम उरतं कुठे? दुसऱ्या, नव्याने आलेल्या स्केलांमध्ये; कागदावरची प्रश्नावली टॅब्लेटवर नेण्यात; आणि चालू प्रकल्पात उलट अनुवाद (जपानी मसुदा परत इंग्रजीत आणणं), मुलाखतींच्या नोंदी, समन्वय या कामांत. खालच्या पायऱ्या अशा कुठल्याही कामाला लागू पडतात. उदाहरणं एमडीएस-यूपीडीआरएसच्या इंग्रजी मजकुरावरून घेतली आहेत, कारण अडचणी तिथे स्पष्ट दिसतात. अधिकृत जपानी आवृत्तीत कोणता शब्द निवडला गेला, हा इथला विषय नाही.

माणसं निवडणं

इंग्रजीतून जपानीत अनुवाद करणारा जपानी मातृभाषेचाच हवा. तुमचं जपानी कितीही चांगलं असो, हे काम मागू नका. असे दोघं असावेत आणि त्यांनी एकमेकांचं न बघता अनुवाद करावा: एक पार्किन्सन्स जाणणारा न्यूरॉलॉजिस्ट, दुसरा वैद्यकाबाहेरचा. मग दोन्ही मसुदे समोर ठेवून एक तयार करायचा. डॉक्टर अचूक लिहितो, पण रुग्णालाही डॉक्टरच समजून लिहितो; दुसरा त्याला जमिनीवर आणतो.

ज्याचं इंग्रजी मातृभाषेइतकं सराईत आहे आणि जपानी पक्कं आहे, त्याला उलट अनुवादाचं काम शोभतं. मराठी माणसाला इथे खरी संधी आहे. अट एकच: मूळ इंग्रजी स्केल त्याने पाहिलेलं नसावं. म्हणजे वर सांगितलेला नातेवाइकाचा प्रयोग केलात, तर त्या स्केलच्या उलट अनुवादाला तुम्ही बाद. आधी भूमिका ठरवा, मग स्केल उघडा.

अनुवाद: घोळ कुठे होतात

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या.

पहिला घोळ काळाचा. बहुतेक प्रश्नांची चौकट ‘गेल्या आठवडाभरात’ अशी आहे, म्हणजे आजपासून मागचे सात दिवस. जपानीत ‘सेन्शू’ लिहिलंत तर अर्थ होतो कॅलेंडरवरचा मागचा आठवडा. गुरुवारी फॉर्म भरणारा रुग्ण चालू आठवड्याचे दिवस सोडून देईल. ‘कोनो इश्शूकान’ म्हटलं की आजपर्यंतचे सात दिवस येतात. मराठीतही ‘मागच्या आठवड्यात’ आणि ‘गेल्या सात दिवसांत’ यांत हाच फरक पडतो, म्हणून आपल्या कानाला तो लवकर कळतो. औषधाचा डोस नुकताच बदललेला असेल, तर त्या दोन-तीन दिवसांनी आख्खा गुण बदलतो.

दुसरा घोळ श्रेणींचा. इंग्रजीत ० नंतरच्या १ आणि २ साठी जे दोन शब्द आहेत, ते दोन्ही ‘सौम्य’ या एकाच डब्यात पडू पाहतात. २००८ च्या आवृत्तीत मुद्दाम वेगळी केलेली ही पायरी आहे. आजाराच्या सुरुवातीचे बारीक फरक तिथेच पकडायचे असतात. जपानीत २ ला ‘केइदो’ म्हणजे सौम्य आणि १ ला ‘गोकु केइदो’ म्हणजे अगदीच सौम्य म्हणून अंतर राखता येतं. प्रत्येक श्रेणीखालचं वर्णन मात्र अंतर खरं सांभाळतं: १ मध्ये त्रास जाणवतो पण कामात अडथळा नाही, २ मध्ये थोडा अडथळा. वर्णन ढिलं झालं तर वरचा शब्द कितीही चोख असून उपयोग नाही.

तिसरा, लक्षणांच्या नावांचा. डॉक्टरच्या भागात जपानी न्यूरॉलॉजीची ठरलेली परिभाषा वापरा. कंपाला ‘शिन्सेन’. ताठरपणाला पूर्वी ‘कोशुकु’ म्हणत, आता ‘किन्क्योगो’ रूढ आहे. जुनी पाठ्यपुस्तकं समोर ठेवून काम करू नका. रुग्णाच्या भागात शिन्सेन नको, ‘फुरुए’ हवं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात त्याला ‘सुकुमिआशी’ हा शब्द रुग्णही वापरतात. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते त्या प्रश्नाला ‘ताचिकुरामी’ चपखल बसतो. त्याऐवजी ‘मेमाई’ टाकलंत, तर सगळं गरगरणंही त्यात शिरतं आणि कानाच्या आजाराचे रुग्ण गुण वाढवून बसतात.

‘शिबिरे’ सगळ्यात फसवा. वेदना आणि इतर संवेदनांच्या प्रश्नात मुंग्या येण्याचा उल्लेख आहे, आणि शब्दकोश लगेच शिबिरे पुढे करतो. पण शिबिरे म्हणजे मुंग्याही, बधिरपणाही, मांडी घालून बसल्यावर पाय मरतो तेही, आणि काही वयस्कर माणसं हातपायात जोर नसण्यालाही शिबिरे म्हणतात. शब्द टाळता येत नसेल, तर सोबत ‘पिरिपिरि’ किंवा ‘जिन्जिन’ असा नाद-शब्द द्या. जपानी माणूस दुखणं अशाच शब्दांनी सांगतो आणि वैद्यकीय मजकुरातही ते खपतात. मराठीत आपण ठणका, चमक, ठसठस वेगळं करतोच की.

चौथा, वाक्यरचनेचा. प्रत्येक इंग्रजी प्रश्नात ‘तुम्ही’ आहे. जपानीत दर वाक्यात ‘अनाता’ लिहिलं तर मजकूर परका आणि किंचित उद्धट वाटतो. कर्ता गाळा, क्रियापद ‘मास’ या साध्या सभ्य रूपात ठेवा. त्याहून वरच्या आदरार्थी रूपांत जाऊ नका, वाक्य लांबतं आणि मुद्दा मागे राहतो. नकारार्थी प्रश्न तर विचारूच नका. ‘त्रास होत नाही ना?’ याला जपानी ‘हाइ’चा अर्थ ‘बरोबर, होत नाही’ असा होतो. तोच फॉर्म संगणकात भरणारा इंग्रजी वळणाचा माणूस त्या ‘हो’ची नोंद उलटी करेल.

तपासणीच्या सूचनांत एकेक शब्द मोलाचा आहे. बोटं आपटण्याच्या चाचणीत रुग्णाने तर्जनी अंगठ्यावर दहा वेळा आपटायची, शक्य तितक्या जलद आणि शक्य तितकी उघडून. ‘जलद’ एवढंच उरलं, तर निरोगी माणूसही बोटं जेमतेम उघडेल आणि तपासणारा त्याला आखडलेली हालचाल समजेल. पुढचे निकष सोपे आहेत: एक-दोन अडखळणी १, तीन ते पाच २, पाचांहून जास्त ३. कंपाचे निकष सेंटिमीटरमध्ये आहेत. तिथे अनुवादकाने फक्त ‘पेक्षा कमी’ आणि ‘किमान’ यांची अदलाबदल होऊ द्यायची नाही.

संस्कृतीचा भाग, जरा बेताने

नवख्या माणसाला इथे फार सुचतं. कुणी तातामी घालतं, कुणी किमोनो. थांबा. १९८७ च्या स्केलमध्ये जेवणाची बाब काट्या-सुरीने अन्न कापण्याभोवती फिरत होती. २००८ च्या इंग्रजी मजकुरातच काटे, सुऱ्या, चमच्यांसोबत चॉपस्टिक्स आल्या आहेत. म्हणजे बरंचसं काम मूळ लेखकांनी करून ठेवलंय. बटणं, झिप, दागिने ही उदाहरणं टोकियोतही चालतात.

बदल तिथेच करा जिथे जसंच्या तसं ठेवल्याने हालचालच वेगळी होते. पलंगावरून, गाडीच्या सीटवरून, खोल खुर्चीतून उठण्याचा प्रश्न घ्या. जमिनीवर फुतोन घालून झोपणाऱ्याला उठायला कितीतरी जास्त ताकद लागते. प्रश्नात ‘फुतोन’ घातलं तर त्याचा गुण वाढेल. नाही घातलं तर ‘माझ्याकडे पलंग नाही’ म्हणून तो प्रश्न सोडेल. दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होतात. माझं मत: उदाहरण घालायचं तर पलंगाच्या बरोबरीने घाला, पलंग काढून नको. आणि निर्णय कुणी, का घेतला ते लिहून ठेवा.

जुगाराची बाब याहून नाजूक. डोपामिनसारखं काम करणाऱ्या औषधांनी काही रुग्णांना जुगार, खरेदी, खाणं यांची अनावर ओढ लागते. इंग्रजी मजकूर कॅसिनो आणि लॉटरीचं उदाहरण देतो. जपानमध्ये गल्लोगल्ली आहेत ते पाचिन्को या यंत्रावरच्या खेळाचे हॉल, आणि कायद्याच्या भाषेत पाचिन्को जुगार नाहीच, करमणूक आहे. ‘तुम्ही जुगार खेळता का?’ विचारलं तर रोज संध्याकाळ पाचिन्कोत घालवणारा गृहस्थ प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. इथे पाचिन्को आणि घोड्यांच्या शर्यती यांची नावं घ्यायलाच हवीत. नाही घेतली तर खरा त्रास शून्यात लपतो.

उलट अनुवाद

जपानी मसुदा इंग्रजीत परत आणायचा आणि मुळाशी ताडायचा. गळलेली वाक्यं, उलटलेले निकष, चुकलेल्या बाजू यांत पकडल्या जातात. पण त्याच्यावर विसंबू नका. शब्दाला शब्द लावलेला ताठर अनुवाद परत जाताना मुळाशी तंतोतंत जुळतो, आणि समितीतले सगळे खूश होतात. सेन्शूची चूक अशीच निसटते: परत आलेलं इंग्रजी मुळाच्या इतकं जवळ असतं की वाचणाऱ्याची नजर अडखळत नाही. उलट अनुवाद फारच गुळगुळीत आला, तर मी ते वाक्य मुलाखतींच्या यादीत वर टाकतो.

रुग्णांशी मुलाखती

मजकूर खऱ्या रुग्णांपुढे ठेवून त्यांना काय समजलं हे विचारायचं, ही पायरी सगळ्या पद्धतींत आहे, संख्या वेगवेगळी. २००० सालच्या बीटन आणि सहकाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत ३० ते ४० जण सुचवले आहेत, तर इस्पोर संस्थेच्या २००५ च्या मार्गदर्शिकेत ५ ते ८. सोसायटीच्या कार्यक्रमात रुग्णाबरोबर तपासणाऱ्यालाही प्रश्न विचारले जातात: बाब अवघड वाटली का, अवघडल्यासारखं झालं का, लक्ष टिकलं का.

‘समजलं का?’ असं विचारू नका. ‘दाइजोबु देस’ म्हणजे ठीक आहे, चालेल, नको, बरं आहे, यांपैकी काहीही. आपल्याकडे डॉक्टरांपुढे माना डोलतात तसंच. रुग्णाला प्रश्न स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. मग विचारा, ‘तुम्ही २ निवडलंत, १ का नाही?’ या प्रश्नातून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

सगळे रुग्ण एकाच शहरातून घेऊ नका. थकव्याच्या बाबीसाठी ओसाकाकडचा माणूस ‘शिन्दोई’ म्हणतो, नागोयाकडे ‘एराई’ ऐकू येतं, होक्काइदो आणि तोहोकूत वयस्कर माणसं ‘कोवाई’ म्हणतात. प्रमाण जपानीत एराईचा अर्थ थोर आणि कोवाईचा अर्थ भीतिदायक. छापील प्रश्न प्रमाण भाषेतच राहील, पण आजीने ‘अंग कोवाई’ म्हटलं तर ते चिंतेच्या बाबीत टाकायचं नाही, हे मुलाखत घेणाऱ्याला ठाऊक हवं.

सोबत आलेल्या नातेवाइकाचंही भान ठेवा. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. तिथल्या कुठल्याही बैठकीत बसलात तर शुभार्थ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शुभंकराकडून आलेलं ऐकाल. जपानमध्येही सून किंवा बायको उत्तर देऊन मोकळी होते. स्केलमध्ये त्यासाठी चौकट आहे: रुग्णाने भरलं, सांभाळणाऱ्याने भरलं, की दोघांनी मिळून. ती चौकट रिकामी राहू देऊ नका.

मोठी चाचणी

सोसायटीचा हिशेब असा: प्रत्येक गुणामागे किमान पाच रुग्ण, ६५ गुणांना ३२५, अर्धवट फॉर्म धरून साडेतीनशे गाठायचे. सगळे जपानी मातृभाषेचे, आणि आजाराच्या सगळ्या पायऱ्यांवरचे. फक्त मोठ्या रुग्णालयात चालत येणारे घेतले, तर वरच्या श्रेणी रिकाम्या राहतात.

प्रत्येक तपासणीला औषधाची स्थिती नोंदवा: रुग्ण ‘ऑन’ आहे (औषधाचा परिणाम चालू) की ‘ऑफ’ (परिणाम उतरलेला), लेव्होडोपाची, म्हणजे या आजारावरच्या मुख्य औषधाची, शेवटची गोळी किती मिनिटांपूर्वी घेतली. हे नसेल तर तिसऱ्या भागाच्या गुणाला काही अर्थ नाही. तोच माणूस सकाळी नऊला आणि अकराला दोन वेगळे आजारी असल्यासारखा दिसतो. मागून खांदे ओढून तोल बघण्याच्या चाचणीत तपासणाऱ्याच्या मागे भिंत आणि सोबत दुसरा माणूस असू द्या.

जपानची एक खास गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. पार्किन्सन्स तिथे सरकारी यादीतल्या असाध्य आजारांत मोडतो. उपचारखर्चात सवलत मिळण्याचा मुख्य निकष म्हणजे होन-यार श्रेणी (आजार किती पुढे गेलाय ते सांगणारी) ३ किंवा वर आणि सोबत जगण्यातल्या अडचणींची पातळी २ किंवा वर. महागडे उपचार दीर्घकाळ घेणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. त्यामुळे रुग्णाला आपली ‘यार’ श्रेणी पाठ असते, आणि गुणांचा संबंध पैशांशी आहे असं त्याला वाटू शकतं. संशोधनातले गुण सवलतीच्या अर्जाला जोडले जात नाहीत, हे संमतिपत्रात ठळक लिहा आणि तोंडीही सांगा.

मग संख्याशास्त्रज्ञ बघतो, की जपानी उत्तरांत बाबी ज्या गटांत बांधल्या जातात ते गट इंग्रजीतल्यासारखेच आहेत का. तुलनेचा निर्देशांक प्रत्येक भागात ०.९० किंवा वर आला तरच आवृत्ती अधिकृत. मूळ इंग्रजी पडताळणी ८७७ रुग्णांवर झाली होती, आणि तिथेच ठरलं की चारही भागांची एकच बेरीज करण्यापेक्षा भागवार बेरीज द्यावी. अहवालात एकूण गुणांची ओळ घालायचा मोह आवरा.

एखाद्या भागात निर्देशांक घसरला, तर लगेच अनुवादकाला धरू नका. आधी रिकाम्या जागा मोजा, मग ज्या बाबीत जवळजवळ सगळ्यांनी ० दिलाय ती बघा. जुगाराची बाब बहुधा त्यांत असेल.

हातातून सोडताना

निर्णयांची वही, म्हणजे कुठला पर्याय का नाकारला याची बाबवार नोंद, अंतिम फाइलबरोबर द्या. दोन वर्षांनी कुणीतरी तेच प्रश्न विचारणार. टॅब्लेटवर नेताना एका पडद्यावर एक प्रश्न आणि त्याची पाचही उत्तरं एकत्र दिसली पाहिजेत. ४ बघायला खाली सरकवावं लागलं, तर थरथरतं बोट २ वरच टेकतं. तपासणाऱ्यांनी सोसायटीचं प्रशिक्षण घेतलंय का, ते पहिल्या रुग्णाआधी तपासा.

अधिकृत झाल्यावर एखादा शब्द खटकला, तर आपल्या प्रतीत गुपचूप दुरुस्त करू नका. सोसायटीला कळवा, आणि उत्तर येईपर्यंत छापलंय तेच वाचा.